अल्ट्रासाऊंड आणि सूक्ष्म बुडबुडे वापरून पेशींत औषध पोहोचवणे : जून २०२४ ते फेब्रुवारी २०२५ च्या नोंदी

३ जून २०२४

आज कामाला सुरुवात केली. ज्या औषधाला पेशीपटल ओलांडता येत नाही ते औषध पेशीच्या आत पोहोचवायचे, आणि ते करताना केवळ ध्वनीच्या माऱ्याने पेशी मरू द्यायची नाही, एवढेच उद्दिष्ट आहे. मेदाच्या पातळ कवचात जड वायू भरलेले, तांबड्या रक्तपेशीहून लहान बुडबुडे पेशीला लागून असतील आणि त्यांच्यावर अल्ट्रासाऊंड पडला, तर ते लाटेच्या तालावर फुगतात व आक्रसतात आणि शेजारच्या पटलाला थोड्या वेळापुरती छिद्रे पडतात. हे बुडबुडे हृदयाच्या व यकृताच्या सोनोग्राफीत रोज वापरले जातात. नॉर्वेतील बर्गेन येथे स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या १० रुग्णांवर नेहमीचे सोनोग्राफी यंत्र, बाजारात मिळणारे बुडबुडे आणि जेमसिटाबीन हे औषध एकत्र वापरून पाहण्यात आले आणि त्याचा अहवाल २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीच्या यंत्राने हे करता येते, यामुळेच आमच्यासारख्या लहान प्रयोगशाळेने त्यात हात घालायचे ठरवले.

हाताशी फ्लुओरेसन्स सूक्ष्मदर्शक, इन्क्युबेटर आणि १,२०,००० रुपये आहेत. ध्वनीचा विद्युत संकेत तयार करून वाढवणारे फंक्शन जनरेटर व ॲम्प्लिफायर परवडणारे नाहीत, म्हणून फिजिओथेरपीचे १ मेगाहर्ट्झचे जुने यंत्र १८,५०० रुपयांना घेतले. त्याच्या ध्वनी सोडणाऱ्या तबकडीचा व्यास २५ मिलिमीटर आहे. पुण्यातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या पेशीभांडारातून एमसीएफ-७ या स्तनकर्करोगाच्या पेशी आणल्या आहेत. औषधाच्या आधी प्रोपिडियम आयोडाइड या रंगद्रव्यावर हात बसवणार आहे, कारण ते धडधाकट पेशीत शिरत नाही आणि शिरले की केंद्रक लाल चमकते.

११ जून

बाजारातील बुडबुड्यांची एकेक कुपी आमच्या ऐपतीबाहेरची आहे, म्हणून ते प्रयोगशाळेतच करायचे ठरले. डीएसपीसी हा फॉस्फोलिपिड आणि पॉलिऑक्सिइथिलिन-४० स्टिअरेट हे ९:१ या मोल प्रमाणात क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवले, क्लोरोफॉर्म उडवून काचेवर पातळ थर केला आणि मीठपाणी, ग्लिसरॉल व प्रॉपिलिन ग्लायकॉल यांच्या मिश्रणात तो भिजवला. पाण्याचे तापमान ४५ अंश ठेवले, आणि चूक तिथेच झाली. डीएसपीसी ५५ अंशांच्या खाली घट्टच राहतो. थर सुटला, पण पापुद्रे होऊन, आणि ते तळाशी बसले. सुमारे चार हजार रुपयांचे मेद वाया गेले. दुसऱ्या वेळी ६५ अंशांवर भिजवून, त्याच तापमानाला सोनिकेटर या ध्वनिकंपने देणाऱ्या यंत्राच्या पाण्यात बाटली धरली, तेव्हा वीस मिनिटांत द्राव निळसर, अर्धपारदर्शक झाला. हा रंग दिसेपर्यंत पुढे जाऊ नये.

१९ जून

वायू म्हणून परफ्लुओरोप्रोपेन घेतला. डोळ्याच्या पडद्याच्या शस्त्रक्रियेत हाच वायू वापरतात, त्यामुळे नेत्रशस्त्रक्रियेचे साहित्य विकणाऱ्याकडे त्याचा लहान सिलिंडर मिळाला आणि परदेशी मागणी नोंदवून महिनोन्महिने थांबावे लागले नाही. हा वायू हवेच्या सहापटींहून जड असतो. म्हणून बाटली उभी धरून वायूची सुई द्रावाच्या पृष्ठभागापर्यंत खाली न्यावी आणि हवा बाहेर सोडणारी सुई बुचाच्या अगदी खाली ठेवावी, म्हणजे वायू खालून साचत जातो आणि हवेला वर ढकलतो.

हलवण्यासाठी दंतवैद्य चांदी कालवायला वापरतात तो अमाल्गमेटर जुन्या बाजारातून ७,८०० रुपयांना मिळाला. ४५ सेकंद हलवल्यावर बाटलीतला द्राव दुधासारखा पांढरा झाला.

न्यूबाउअर कक्षात (पेशी मोजण्याच्या रेघा आखलेल्या काचेवर) शंभरपट पातळ करून मोजायला बसले तर एकही बुडबुडा दिसेना. अर्धा तास मी चौकटीच्या रेघांवरच नजर खिळवून होते. मग सहज फोकस वर नेला, आणि कव्हरस्लिपच्या खालच्या अंगाला सगळे बुडबुडे चिकटून बसलेले दिसले : काळी गोल कड, मधे पांढरा ठिपका, आणि ज्यांच्यावर फोकस नेमका नव्हता ते करड्या कड्यांसारखे. ते तरंगतात, म्हणून वरच भेटतात. मोजणी मिलिलिटरला सुमारे ३ × १०⁸ आली. बहुतेकांचा व्यास १ ते ४ मायक्रोमीटर होता.

२७ जून

बाटलीतून काढताना २६ गेजची बारीक सुई लावून सिरिंजचा दट्ट्या झटक्यात ओढला आणि पांढरा द्राव सिरिंजमध्ये डोळ्यांदेखत स्वच्छ झाला. सिरिंजमधील दाब खाली गेला की बुडबुडे फुगून फुटतात. आता १८ गेजची सुई, शेजारी हवा आत घेणारी दुसरी सुई आणि हळू हात, असा नियम केला आहे.

४ ते २४ जुलै

या तीन आठवड्यांत एकही उपयोगी निकाल आला नाही. पेट्री डिशमध्ये पेशी वाढवल्या, त्यांच्या पोषक द्रवात, म्हणजे माध्यमात, रंगद्रव्य व बुडबुडे घातले, डिशखाली जेल लावून तबकडी टेकवली आणि १ वॅट प्रति चौरस सेंटिमीटरवर ३० सेकंद यंत्र चालवले. लाल केंद्रके दिसली ती १ ते २ टक्के, म्हणजे ध्वनीविना ठेवलेल्या डिशइतकीच. बुडबुडे दुप्पट केले, मग चौपट. यंत्र २ वॅटवर नेले. वेळ दोन मिनिटे केली, तेव्हा डिश गरम होऊन एका कडेच्या पेशी सुटून आल्या आणि त्यांनाच मी दोन दिवस यश समजत होते. १८ जुलैला, गुरुवारी, देखभालीसाठी वीज गेली आणि इन्क्युबेटर पाच तास बंद राहिला, त्यात सहा डिश गेल्या. दुसरे कोणी हे करत असेल तर त्यांना कळकळीने सांगते, की निकाल शून्य असताना यंत्राची कळ पुढे सरकवत जाऊ नये. काय चुकले आहे ते त्या कळीतून कधीच कळत नाही.

२५ जुलै

चूक सापडली, आणि ती १९ जूनच्या नोंदीत माझ्याच हाताने लिहून ठेवलेली होती. बुडबुडे तरंगतात. पेशी डिशच्या बुडाशी, माध्यमाची खोली ३ मिलिमीटर, आणि ३ मायक्रोमीटर व्यासाचा बुडबुडा पाण्यात सेकंदाला सुमारे ५ मायक्रोमीटर वर चढतो. मी डिश भरून, जेल लावून, घड्याळ लावेपर्यंत दहा मिनिटे सहज जात होती. तेवढ्यात मोठे बुडबुडे पृष्ठभागाला पोहोचलेले असत, आणि लहान राहिले तरी ते पेशीला टेकलेले नसत. छिद्र पडायला बुडबुडा पेशीला लागून किंवा एखाद्या व्यासाच्या अंतरावर असावा लागतो.

म्हणजे पेशी वर आणि बुडबुडे खाली, असा कक्ष हवा. यासाठी पूर्वी दोन पातळ पडद्यांचे तयार कक्ष मिळत, पण त्यांचे उत्पादन बंद झाले आहे. आम्ही कडे करून त्याच्या दोन्ही अंगांना २५ मायक्रोमीटर जाडीचा पॉलिएस्टरचा पडदा ताणून बसवणार आहोत. कड्याची जाडी २ मिलिमीटर असेल.

८ ते २० ऑगस्ट

पहिली बारा कडी ॲक्रिलिकची, लेझरने कापून घेतली. ७० टक्के अल्कोहोलने पुसताच कापलेल्या कडेला केसांसारख्या भेगा पडल्या आणि त्यांतून माध्यम झिरपू लागले. भोसरीच्या ज्या लहान वर्कशॉपमध्ये ती दाखवायला नेली तेथील कारागीर कडे उजेडात धरून म्हणाले, “मॅडम, लेझरच्या ॲक्रिलिकला स्पिरिट सोसत नाही. मी पॉलिकार्बोनेट लेथवर करून देतो.” एका कड्याला ३५० रुपये पडले. ती कडी आजतागायत चांगली आहेत. पॉलिएस्टरवर पेशी धरत नव्हत्या, तिथे आधी जिलेटिनचा हात दिल्यावर धरू लागल्या.

३० ऑगस्ट

कक्षात पेशी वाढवल्या, बुडबुडे व रंगद्रव्य भरले, कक्ष उलटा करून पाच मिनिटे तसाच ठेवला आणि मग खालून ध्वनी दिला. मधल्या भागात २४ टक्के पेशी लाल! केंद्रके एकामागून एक उजळताना पाहिली तेव्हा मी खुर्चीवरून उठून सगळ्यांना बोलावून आणले. बुडबुडे न घालता तोच ध्वनी दिला तर २ टक्के, आणि बुडबुडे घालून ध्वनी दिला नाही तर १ टक्का.

१ ते २१ सप्टेंबर

हा प्रयोग अकरा वेळा पुन्हा केला. निकाल अनुक्रमे ३, १९, २, २७, ४ असे येत गेले. बाटली तीच, पेशी त्याच, कळ त्याच आकड्यावर. मधे गणपतीचे पाच दिवस गावी गेले, आल्यावर पुन्हा तेच. बुडबुड्यांची मोजणी दर वेळी करत होते आणि ती जुळत होती, म्हणजे फरक ध्वनीत होता. यंत्राच्या पडद्यावरचा आकडा हा तबकडीच्या सगळ्या पृष्ठभागावरचा सरासरी आकडा आहे. पेशी जिथे बसल्या आहेत तिथे किती दाब पोहोचतो हे तो सांगत नाही, आणि आम्ही ते अद्याप एकदाही मोजलेले नव्हते. हे जूनमध्येच करायला हवे होते.

२३ व २४ सप्टेंबर

दुसऱ्या एका संस्थेने दोन दिवस त्यांचा हायड्रोफोन (पाण्यातला ध्वनीचा दाब मोजणारे सुईसारखे उपकरण) आणि तो मिलिमीटरच्या अंशाने सरकवणारी चौकट वापरू दिली. या दोन दिवसांत जे कळले ते आधीच्या तीन महिन्यांत कळले नव्हते.

पहिली गोष्ट म्हणजे तबकडीपासूनचे अंतर. सपाट लाट धरली तर १ वॅट प्रति चौरस सेंटिमीटर म्हणजे ०.१७ मेगापास्कल दाब होतो. पण २५ मिलिमीटर व्यासाच्या तबकडीपुढे १ मेगाहर्ट्झला जवळजवळ १० सेंटिमीटरपर्यंत ध्वनीक्षेत्र खडबडीत असते. ३ सेंटिमीटरवर सुई पाच मिलिमीटर इकडेतिकडे नेली की आकडा ०.०६ वरून ०.३२ मेगापास्कलवर जात होता. ११ सेंटिमीटरवर मात्र मधोमध ०.३१ चे एकच सुबक शिखर मिळाले आणि त्याची उपयोगी रुंदी सुमारे ६ मिलिमीटर निघाली.

दुसरी गोष्ट जास्त मोलाची होती. माझा कक्ष पाण्याच्या पृष्ठभागाला टेकून तरंगत असे, आणि वर हवा. पाण्यातून वर जाणारी लाट हवेला भिडली की जवळजवळ पूर्णपणे उलटी फिरते आणि येणाऱ्या लाटेत मिसळते. अगदी पृष्ठभागाशी दाब शून्यावर येतो, आणि तिथून पाव तरंगलांबी खाली, म्हणजे सुमारे ०.३८ मिलिमीटरवर, तो दुप्पट होतो. माझ्या पेशी वरच्या पडद्याला होत्या. ज्या दिवशी वरचा पडदा कोरडा राहिला त्या दिवशी पेशी आणि हवा यांच्यामध्ये फक्त २५ मायक्रोमीटरचा पॉलिएस्टर होता आणि पेशी शून्य दाबाच्या जागी बसल्या होत्या. ज्या दिवशी कक्ष जरा बुडून वर पाण्याचा पातळ थर चढला त्या दिवशी त्या शिखराजवळ आल्या. वहीत मागे जाऊन पाहिले तर २७ टक्क्यांच्या दिवशी मी “कक्षावर पाणी आले, पुसले नाही” असे लिहिलेले सापडले. अर्ध्या मिलिमीटरहून कमी पाण्याने एवढा फरक केला होता.

३ ते २५ ऑक्टोबर

टाकी नव्याने बांधली. तबकडी तळाशी वर तोंड करून, कक्ष तिच्यापासून ११ सेंटिमीटरवर स्टँडला घट्ट धरलेला, त्याच्यावर आणखी ६ सेंटिमीटर पाणी, आणि पाण्याच्या वरच्या भागात ध्वनी गिळणारा ठोकळा. ठोकळ्यासाठी आधी स्पंज लावला, तो वाईट निर्णय होता. स्पंजमध्ये अडकलेली हवा आरशासारखी ध्वनी परतवते. मग साच्यात ३ सेंटिमीटर जाडीचा सिलिकॉन रबराचा ठोकळा ओतला आणि तिरका बसवला, म्हणजे उरलेसुरले परावर्तन कक्षाकडे न येता बाजूला जाते.

पाण्यातली हवाही काढावी लागते. नळाचे किंवा नुसते डिस्टिल्ड पाणी ३७ अंशांपर्यंत तापवले की तबकडीवर बारीक बुडबुड्यांची लव उगवते आणि ध्वनी तिथेच अडतो. आदल्या दिवशी पाणी वीस मिनिटे खळखळ उकळून, बाटली काठोकाठ भरून बंद करून ठेवतो. मत्स्यालयाचा हीटर आमच्याकडे ३४ अंशांवर थांबत होता, म्हणून पाणी आधीच तापवून टाकीत ओततो.

या मांडणीत पाच दिवस ओळीने प्रयोग केला : १८, २१, १७, २०, १९ टक्के. पडद्यावर मधोमध ६ मिलिमीटरचे वर्तुळ आखून फक्त त्यातल्याच पेशी मोजल्या. शेवटचा आकडा वहीत उतरवताना मला भरून आले होते.

१२ ते २९ नोव्हेंबर

दिवाळीनंतर एक नवा प्रश्न समोर आला. प्रोपिडियम आयोडाइड मेलेल्या पेशीतही शिरते, त्यामुळे माझे १९ टक्के म्हणजे छिद्रे बुजून जगलेल्या पेशी की मेलेल्या, हे त्यावरून कळत नाही. म्हणून ध्वनीच्या वेळी माध्यमात कॅल्सिन हे हिरवे रंगद्रव्य ठेवले, दहा मिनिटे थांबून धुतले आणि त्यानंतर प्रोपिडियम आयोडाइड घातले. जी पेशी फक्त हिरवी दिसते तिला छिद्र पडले आणि ते बुजलेही. जी लाल ती गेली. हिरवा रंग पेशीभर सारखा पसरलेला असेल तरच धरावा. ठिपके ठिपके दिसले तर पेशीने तो गिळून पोटात घेतला आहे, छिद्रातून नव्हे.

निकाल निराशाजनक होता. छिद्र पडलेल्या दर तीन पेशींपैकी दोन मरत होत्या. दाब कमी केला तर दोन्ही आकडे खाली आले. शेवटी कारण बफरमध्ये, म्हणजे पेशी ज्या क्षारद्रावात ठेवतो त्यात, सापडले. माध्यमाच्या तांबूस रंगाची चमक मोजणीत मिसळू नये म्हणून मी ध्वनीच्या वेळी कॅल्शियमविरहित फॉस्फेट बफर वापरत होते. पेशीपटल फाटले की बाहेरचे कॅल्शियम आत शिरते, आणि त्याच इशाऱ्यावर पेशी आतल्या पुटिका (पटलाच्या इवल्या पिशव्या) पुढे आणून भोक बुजवते. कॅल्शियमच नसेल तर तिला डागडुजी करता येत नाही. १.८ मिलिमोलर कॅल्शियम असलेला हेपेस बफर घेतला आणि बाकी काहीही बदलले नाही. दर तीन पेशींपैकी दोन आता जगू लागल्या. या एका बदलाला खर्च जवळजवळ शून्य आला, आणि तो लक्षात यायला अडीच आठवडे गेले.

११ डिसेंबर

बुडबुड्यांचे प्रमाण तपासले. कक्षात मिलिलिटरला १०⁷ च्या पुढे गेल्यावर परिणाम वाढण्याऐवजी घटतो, कारण बुडबुड्यांचा दाट थर स्वतःच ध्वनी अडवतो. आम्ही ५ × १०⁶ वर स्थिर केले.

६ ते २२ जानेवारी २०२५

आता औषध. विभागातील काहींचे मत डॉक्सोरुबिसिन घ्यावे असे होते, कारण ते स्वतःच चमकते. मी ब्लिओमायसिनचा आग्रह धरला. डॉक्सोरुबिसिन मदतीशिवायही पेशीत शिरते, त्यामुळे बुडबुड्यांनी केलेला फरक त्यात बुडून जातो. ब्लिओमायसिनचा रेणू मोठा, सुमारे १,४०० डाल्टनचा, आणि पाण्यात विरघळणारा असल्याने तो बाहेरच राहतो, पण आत गेला तर थोड्याशा रेणूंनी डीएनए तोडतो. औषध कर्करोगाचे आहे, म्हणून हातमोजे दुहेरी, आणि सगळा कचरा वेगळ्या डब्यात, हे सुरुवातीपासून पाळले.

एक अडचण होती. ध्वनी फक्त मधल्या ६ मिलिमीटरवर पडतो, आणि पूर्ण पडद्यावरच्या पेशी घेतल्या तर बहुसंख्य पेशी अस्पर्शित असणार. त्वचेचा तुकडा काढायला त्वचारोगतज्ज्ञ जो ६ मिलिमीटरचा पंच वापरतात तो आणला आणि पडद्याची मधली टिकली कापून काढली. टिकलीवर दहा ते पंधरा हजार पेशी मिळतात. त्या सुट्या करून प्रत्येक डिशमध्ये ५०० पेरल्या आणि १४ दिवस वाढू दिल्या. गट सहा केले : काहीच नाही, फक्त औषध, फक्त बुडबुडे व ध्वनी, औषध व ध्वनी, औषध व बुडबुडे, आणि तिन्ही एकत्र.

१० फेब्रुवारी

जगलेल्या एकेका पेशीपासून वाढलेल्या वसाहती क्रिस्टल व्हायोलेटने रंगवून मोजल्या. पन्नासहून अधिक पेशी असतील तीच वसाहत धरली. काहीच न केलेल्या गटाला १०० मानले तर फक्त औषधाच्या गटात ९३, औषध व ध्वनीच्या गटात ९१, औषध व बुडबुड्यांच्या गटात ९४, बुडबुडे व ध्वनीच्या गटात ८८, आणि तिन्ही एकत्र असताना ६९. छिद्र पडून जगलेल्या पेशी शंभरात जेमतेम तेरा, आणि तिन्हींच्या गटातली घट बुडबुडे-ध्वनीच्या गटाहून १९ ने अधिक. यातला काही भाग फक्त औषधाचा आहे, तरी उरलेला आकडा छिद्रे पडून जगलेल्या पेशींच्या आकड्याच्या जवळ येतो, म्हणून मला हा निकाल विश्वासार्ह वाटतो. सहाही डिश ओट्यावर ओळीने मांडल्या तर शेवटच्या डिशमधला विरळपणा उभ्यानेच दिसतो.

२४ फेब्रुवारी

दुसरी फेरी मोजली : तिन्हींच्या गटात ७२, बुडबुडे व ध्वनीच्या गटात ८९. तिसरी पेरून झाली आहे. आतापर्यंतचा खर्च १,०४,३०० रुपये. त्यातील मोठा वाटा मेदाचा, आणि गेलेल्या वेळेतील मोठा वाटा जुलै व सप्टेंबरचा. उरलेल्या रकमेतून स्वतःचा सुईचा हायड्रोफोन येणार नाही, म्हणून त्याच संस्थेकडे मार्चमध्ये आणखी एक दिवस मागितला आहे. टाकी हलवली, तबकडी काढून पुन्हा बसवली किंवा नवी कडी घेतली, की पेशी लावण्याआधी त्या जागेचा दाब मोजायचा आणि आकडा तारखेसह टाकीवरच्या पट्टीवर लिहायचा, असे ठरले आहे. सध्या पट्टीवर ०.३१ आहे, तारीख २ डिसेंबर.